शाकाहारी घराण्यातला मारेकरी: थायलाकोलिओ ओळखला कसा गेला

ऑस्ट्रेलियातल्या ‘शिशुधानी सिंहा’चा सिंहाशी काडीचाही संबंध नाही. वाघ-बिबट्यांच्या कुळाशीही नाही. आज जिवंत असलेले त्याचे जवळचे नातलग दोन: निलगिरीची पानं चघळत झाडावर पेंगणारा कोआला आणि बिळात राहून गवत खाणारा वॉम्बॅट. दोघेही पक्के शाकाहारी. अशा घराण्यात शंभर किलोंच्या वर वजनाचा शिकारी निपजला आणि सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीपर्यंत तो ऑस्ट्रेलियात वावरत होता. त्याच्या प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव थायलाकोलिओ.

तो मांस खात होता याबद्दल आज कोणाचं दुमत नाही. पण एवढी एक गोष्ट पक्की व्हायला सव्वाशे वर्षं गेली, आणि वाद घालणारे लोक कच्चे नव्हते. नुसती हाडं हातात असताना प्राणी काय खात होता, त्याचं वजन किती, तो किती जोरात चावत होता हे कसं काढतात आणि त्यात घोटाळा कुठे होतो, हे समजून घ्यायला थायलाकोलिओइतकं चांगलं उदाहरण सहसा सापडत नाही.

आधी नातं

शिशुधानी प्राण्यांचं पिल्लू अगदी अपुऱ्या वाढीचं जन्मतं आणि पुढची वाढ आईच्या पोटावरच्या पिशवीत, स्तनाला चिकटून पूर्ण करतं. पिशवी काही दगडात टिकत नाही. त्यामुळे जीवाश्मांमध्ये इतर खुणा पाहाव्या लागतात. त्यातली एक सोपी खूण म्हणजे खालच्या जबड्याचा मागचा कोपरा आतल्या बाजूला वळलेला असतो. आपल्याकडच्या कुत्र्या-मांजरांच्या जबड्यात तसं वळण नसतं.

शिशुधानी प्राण्यांतही थायलाकोलिओ ज्या गणात बसतो, त्या गणात कांगारू, पॉसम, कोआला, वॉम्बॅट हे सगळे येतात. या गणाच्या दोन ठळक खुणा आहेत. खालच्या जबड्यात पुढे झुकलेले दोनच मोठे पटाशीचे दात असतात आणि मागच्या पायाची दुसरी-तिसरी बोटं एकाच कातडीत जोडलेली असतात. खालच्या जबड्यात सुळे नसतातच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

थायलाकोलिओचं कुल बरंच जुनं आहे. क्वीन्सलँडमधल्या रिव्हर्सले इथल्या चुनखडीत या कुलातला मायक्रोलिओ सापडला. त्याचं वर्णन २०१६ साली प्रसिद्ध झालं. वजन जेमतेम ६०० ग्रॅम, म्हणजे हा ‘सिंह’ झाडावर किडे-सरडे पकडणारा एक छोटा प्राणी होता. त्याच भागातला वाकालिओ शाउटेनी साधारण कुत्र्याएवढा, २३ किलोंच्या आसपास. तो जगला सुमारे अडीच कोटी ते पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीच्या काळात. खुद्द थायलाकोलिओच्या तीन जाती मानतात. टी. हिली ही सर्वांत लहान, टी. क्रासिडेंटाटस ही मधली, आणि टी. कार्निफेक्स ही सर्वांत मोठी व शेवटची. पहिल्या दोन प्लायोसीन काळातल्या (सुमारे ५३ ते २६ लाख वर्षांपूर्वी), तिसरी त्यानंतरच्या प्लाइस्टोसीनमधली, म्हणजे हिमयुगांच्या काळातली. पुढे ‘थायलाकोलिओ’ म्हटलं की ही तिसरीच समजायची, कारण चांगले सांगाडे तिचेच मिळाले आहेत.

नावांची गल्लत मात्र टाळा. पाठीवर पट्टे असलेला ‘टास्मानियन वाघ’ म्हणजे थायलासीन हा वेगळ्याच गणातला, १९३६ साली प्राणिसंग्रहालयात संपलेला. दक्षिण अमेरिकेतला लांब सुळ्यांचा थायलाकोस्मिलस तर शिशुधानी प्राण्यांच्या चुलत शाखेतला. इंटरनेटवरच्या चित्रांत हे तिघे सर्रास एकमेकांच्या नावाने फिरतात.

तोंडात काय होतं

थायलाकोलिओची कवटी समोर आली की पहिल्यांदा नजर जाते ती पुढच्या दातांवर. वर पटाशीच्या दातांच्या तीन जोड्या, त्यातली पहिली जोडी दांडगी. खाली एकच जोडी, पुढे आणि वर झुकलेली. हे दात टोकाला काहीसे बोथट, वाघाच्या सुळ्यासारखे अणकुचीदार नाहीत. वरचा सुळा आहे, पण नावापुरता, खुंटासारखा.

त्यानंतर मोकळी जागा आणि मग या प्राण्याचं खरं हत्यार: वर एक आणि खाली एक, प्रत्येक बाजूला, लांबलचक पात्यासारखी तिसरी उपदाढ (उपदाढ म्हणजे सुळा आणि दाढा यांच्या मधला दात). एका दाताची लांबी चार सेंटीमीटरच्या वर. इतक्या लांबीचं कापणारं दंतपातं दुसऱ्या कुठल्याही सस्तन मांसाहारी प्राण्यात माहीत नाही. तोंड मिटताना खालचं पातं वरच्याच्या आतल्या बाजूने घासून वर जातं आणि मधे आलेलं मांस, कातडं, स्नायूबंध कापले जातात. या पात्यांच्या मागे चघळायच्या दाढा जवळजवळ उरलेल्याच नाहीत. वर एक, खाली दोन, आणि त्याही बारक्या.

वाघ-सिंहांतही कापणाऱ्या दाढा असतात, पण तिथे वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ ही जोडी ते काम करते. थायलाकोलिओत वरही उपदाढच आणि खालीही उपदाढच. काम तेच, पण कामाला लावलेला दात निराळा. दोन घराण्यांनी स्वतंत्रपणे तोडगा काढला याचा याहून स्वच्छ पुरावा शोधून सापडणार नाही.

या कुलातल्या जुन्या सदस्यांकडे पाहिलं की हे कसं घडलं तेही दिसतं. वाकालिओ शाउटेनीच्या वरच्या जबड्यात तीन उपदाढा आणि चार दाढा होत्या. नंतरच्या जातींत तिसरी उपदाढ लांबत गेली आणि मागच्या दाढा एकेक करून गळत गेल्या. तोंडातली जागा ठरलेली, तेव्हा पातं वाढवायचं तर चघळण्यावर पाणी सोडावं लागतं.

सव्वाशे वर्षांचा वाद

व्हिक्टोरिया प्रांतातल्या कोलंगुलाक तळ्याजवळ मिळालेल्या मोडक्या कवटीवरून १८५९ साली रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञाने थायलाकोलिओचं वर्णन छापलं. पात्यासारख्या दाढा पाहून त्याने निकाल दिला की हा अत्यंत भयंकर शिकारी होता. जातीचं नावही त्याने ‘कार्निफेक्स’, म्हणजे लॅटिनमध्ये जल्लाद, असं ठेवलं.

विरोध लगेच झाला. ह्यू फाल्कनर, सिडनीच्या संग्रहालयातला गेरार्ड क्रेफ्ट आणि १८६८ मध्ये विल्यम फ्लॉवर यांनी ओवेनचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला. त्यांची बाजू फालतू नव्हती. ते म्हणत होते: मांसाहारी प्राण्याला सुळे लागतात, याला ते नाहीत. पुढचे दात तर कांगारू आणि पॉसमसारखे आहेत. लांब पात्यासारखी उपदाढ काही छोट्या शाकाहारी शिशुधानी प्राण्यांतही दिसते. मग सगळं गणगोत शाकाहारी असताना याच्यावरच रक्तपाताचा आळ का? पुढे तर हा प्राणी खरबुजासारखी फळं किंवा मगरीची अंडी खात असावा, अशाही सूचना आल्या.

यात तर्काची चूक एकच होती, पण ती मोठी. दाताचा आकार दोन गोष्टी सांगतो: प्राणी कोणाच्या पोटी आला आणि काय काम करतो. फ्लॉवरमंडळींनी पहिली गोष्ट अचूक वाचली आणि तिच्यातूनच दुसरीचं उत्तर काढलं. पटाशीचे दात पॉसमसारखे आहेत, कारण पूर्वज तसे होते. सुळे नाहीत, कारण ते पूर्वजांनीच टाकून दिले होते. एकदा गेलेला दात उत्क्रांतीत सहसा परत येत नाही. म्हणून या घराण्यातल्या मांसाहाऱ्याला घरात उरलेल्या दातांवरच भागवावं लागलं आणि सुळ्यांचं काम पटाशीच्या दातांनी उचललं.

ओवेनचं उत्तर बरोबर निघालं, पण पुराव्याच्या दृष्टीने त्याचीही बाजू अर्धीच होती. दात ‘कशासाठी योग्य दिसतो’ एवढ्यावर तो थांबला. दात खरंच कशावर झिजला हे पाहायचं साधन तेव्हा नव्हतं.

झीज आणि हाडांवरचे वळ

दात झिजतो तेव्हा त्यावर बारीक ओरखडे उठतात आणि जबडा कोणत्या दिशेने हलत होता ते ओरखड्यांच्या दिशेवरून कळतं. गवत-पाला दळणाऱ्या प्राण्याचा खालचा जबडा आडवा सरकतो, म्हणून ओरखडे आडवे. कापणाऱ्या प्राण्याचा जबडा सरळ वर-खाली मिटतो, म्हणून ओरखडे उभे, पात्याच्या बाजूवरून खाली उतरणारे. शिवाय गवतात सिलिकाचे कण असतात आणि त्याबरोबर मातीही तोंडात जाते, त्यामुळे चरणाऱ्यांचे दात खरखरीत झिजतात. थायलाकोलिओच्या पात्यांवर दळण्याच्या खुणा नाहीत. रॉड वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही झीज तपासली आणि ती मांस कापण्याशी जुळली. शाकाहाराचा पक्ष तिथे संपला असं म्हणायला हरकत नाही.

अशा तपासणीत फसगत होण्याची ठिकाणं ठरलेली आहेत. दात वाळूत वाहत आला असेल तर त्यावर सगळीकडे सारखे, दिशाहीन ओरखडे पडतात. खोदताना ब्रश किंवा सुई लागली तर ताजा ओरखडा उमटतो आणि तो उजळ दिसतो. म्हणून नेहमी दोन जागा तपासतात: दात एकमेकांना घासतात ती जागा आणि कधीच घासत नाही ती. दोन्हींकडे सारखेच ओरखडे असतील तर तो नमुना बाजूला ठेवतात.

दुसरा पुरावा शिकारीच्या हाडांवर आहे. व्हिक्टोरियातल्या लॅन्सफील्डच्या दलदलीत मोठ्या कांगारूंची भरपूर हाडं निघाली आणि त्यांतल्या काहींवर काप होते. माणसाने दगडी हत्याराने केलेले काप असतील, तर माणूस आणि हे महाकाय प्राणी एकत्र होते याचा तो थेट पुरावा ठरला असता. १९८१ साली हॉर्टन आणि राइट यांनी ते काप थायलाकोलिओच्या दातांचे असल्याचं मांडलं. फरक असा ओळखायचा: दगडी पात्याची धार खडबडीत असते, त्यामुळे तिच्या खाचेत लांबीच्या दिशेने अनेक बारीक समांतर रेघा असतात आणि काप सहसा सांध्याभोवती, मांस सोडवताना पडतात. दोन दंतपात्यांमध्ये सापडलेल्या हाडावर मात्र समोरासमोरच्या दोन बाजूंना जुळणारे काप पडू शकतात. टास्मानियन डेव्हिलसारखा हाडं फोडणारा प्राणी याहून वेगळा माल मागे ठेवतो: खड्डे, चुरलेली टोकं, आणि पोटातून गेलेले असतील तर आम्लाने गुळगुळीत झालेले तुकडे.

वजन काढायची रीत

चार पायांच्या प्राण्याचा भार दंडाच्या आणि मांडीच्या हाडावर येतो. म्हणून त्या दोन हाडांचा मध्यावरचा घेर मोजतात. सर्वसाधारण चतुष्पादांसाठी एक जुनं, खूप वापरलेलं सूत्र आहे: दोन्ही घेरांची मिलिमीटरमधली बेरीज घ्यायची, तिचा २.७३ वा घात करायचा आणि ०.०७८ ने गुणायचं. उत्तर ग्रॅममध्ये येतं. समजा बेरीज १८० मिलिमीटर आली, तर वजन निघतं सुमारे ११२ किलो. हा आकडा फक्त रीत दाखवण्यासाठी आहे, विशिष्ट सांगाड्याचा नाही.

आता गोम पाहा. त्याच हाडावर क्षाराचा पातळ थर बसलेला राहिला आणि घेर ५ टक्के जास्त मोजला गेला, म्हणजे १८० ऐवजी १८९, तर वजन थेट १२८ किलो होतं. मोजमापातली ५ टक्क्यांची चूक उत्तरात १४ टक्क्यांची होते, कारण वजन घेराच्या जवळपास तिसऱ्या घातात वाढतं. हाड थोडं झिजलेलं असेल तर चूक उलट दिशेला जाते. आणि सूत्र ज्या प्राण्यांवरून बसवलं, त्यांच्यापेक्षा आपला प्राणी जास्त दणकट बांध्याचा असेल तर सगळाच हिशेब फुगतो. म्हणून एका हाडावरून दिलेलं वजन ‘अमुक किलो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये. स्टीफन रो आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली थायलाकोलिओचं सरासरी वजन १०१ ते १३० किलो काढलं. मोठे नर याहून वर गेले असतील. खांद्याशी उंची साधारण पाऊण मीटर. म्हणजे मादी सिंहाच्या वजनाचा, पण तिच्याहून बुटका आणि भरीव.

चाव्याचा जोर

थायलाकोलिओचं नाव लोकांपर्यंत पोहोचलं ते या एका आकड्यामुळे, आणि तोच आकडा सर्वांत जास्त चुकीचा सांगितला जातो.

नामशेष प्राण्याचा चावा मोजायची पद्धत अशी. जबडा मिटणारे मुख्य स्नायू गालाच्या हाडाच्या कमानीतून आणि तिच्या आसपासून जातात. कवटीचा फोटो ठरलेल्या कोनातून घेऊन त्या स्नायूंना मिळणारी जागा चौरस सेंटीमीटरमध्ये मोजतात. प्रत्येक चौरस सेंटीमीटरला सुमारे ३० न्यूटन ताकद धरतात. मग तरफेचा हिशेब: स्नायूची ओढ जबड्याच्या बिजागरीपासून किती अंतरावर लागते आणि दात किती अंतरावर आहे. सुपारी अडकित्त्यात टोकाशी ठेवली तर फुटत नाही, खिळ्याजवळ सरकवली की कट्कन फुटते, दातांचंही तेच. बिजागरीपासून निम्म्या अंतरावरच्या दाताला दुप्पट जोर मिळतो. म्हणून पटाशीच्या दातांशी आलेला आकडा आणि पात्याच्या दाढेशी आलेला आकडा यांची तुलना करू नये. बातम्यांत नेमकी तीच होते.

कवटीवरून काढलेलं हे उत्तर प्रत्यक्षापेक्षा कमी येतं, कारण स्नायू कमानीच्या बाहेरही फुगलेले असतात. ही त्रुटी सगळ्याच कवट्यांना लागू असल्यामुळे तुलनेला पद्धत चालते, प्राण्याचा खरा जोर सांगायला मात्र चालत नाही.

तुलना करताना वजनाचा हिशेब घ्यावा लागतो, पण नुसता वजनाने भागाकार केला तर फसायला होतं. प्राणी लांबी-रुंदी-उंचीला दुप्पट झाला की वजन आठपट होतं, स्नायूचा छेद मात्र चौपटच. भागाकार केला की उंदीर नेहमी हत्तीपेक्षा बलवान ठरतो. म्हणून अनेक प्राण्यांचा वजन आणि चावा आलेखावर मांडतात, त्यातून ‘या वजनाला इतका चावा अपेक्षित’ अशी रेषा काढतात आणि अपेक्षेला १०० धरून प्रत्येकाला गुण देतात. रो, मॅकहेन्री आणि थॉमसन यांनी २००५ साली हे केलं. आफ्रिकी सिंहाला ११२ गुण मिळाले, टास्मानियन डेव्हिलला १८१, आणि थायलाकोलिओला १९४. सुळ्यांच्या जागी काढलेला त्याचा प्रत्यक्ष जोर सुमारे १७०० न्यूटन, म्हणजे दुपटीहून जड सिंहाच्या जवळपास.

‘जगातला सर्वांत जोरकस चावा’ हे म्हणणं यातून निघत नाही. मगरीपुढे हा आकडा किरकोळ आहे. निघतं ते इतकंच, की आपल्या वजनाच्या मानाने हा प्राणी असाधारण जोराने चावत होता.

मारत कसा होता

इथे मतभेद आहेत आणि ते चांगले मतभेद आहेत.

पुढच्या पायाला अंगठा वेगळा फुटलेला, इतर बोटांच्या समोर येऊ शकणारा, आणि त्यावर इतर नख्यांपेक्षा कितीतरी मोठी, आकडेबाज नखी. कोपराच्या सांध्याचा आकार असा की हात बराच फिरवता यावा. धावणाऱ्या प्राण्यांत कोपर फक्त मागे-पुढे हलेल असं बंदिस्त असतं. याचं तसं नाही. फिगेरिदो, मार्टिन-सेरा आणि जॅनिस यांनी २०१६ साली कोपराच्या मोजमापांवरून मांडलं की थायलाकोलिओ बोथट पटाशीच्या दातांनी सावज धरून ठेवत असावा आणि अंगठ्याच्या नखीने फाडत असावा. सिंह याच्या उलट करतो, पंजाने धरतो आणि दाताने मारतो. दुसरा पक्ष रो यांचा. कवटीचं संगणकी प्रारूप बनवून तिच्यावर ताण टाकून पाहिल्यावर त्यांना वाटलं की मारण्याचं कामही पात्यासारख्या दाढाच करत असाव्यात: मान किंवा गळा एका मिटीत कापला की मोठं सावजही झटपट मरतं. सिंह गळा दाबून मिनिटं मिनिटं लटकून राहतो, तसं याला करावं लागत नसेल. आमच्या मते दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. नखी मोठं सावज लोळवायला आणि पातं ते संपवायला, असा मेळ सहज बसतो.

धावून शिकार करणारा मात्र तो नव्हता. पायांचा खालचा भाग आखूड, अंग जड. मागच्या पायाचा अंगठाही पॉसमसारखा बाजूला फाकलेला, पकड घेणारा. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातल्या टाइट एन्ट्रन्स केव्ह या गुहेच्या भिंतींवर हजारो नखांचे ओरखडे आहेत. आरमन आणि प्रिडो यांनी २०१६ साली ते मोजून, इतर प्राण्यांच्या ओरखड्यांशी ताडून पाहिले. बरेचसे थायलाकोलिओचे ठरले, त्यात पिल्लांच्या मापाचेही आहेत. उतार सोपा असतानाही हे प्राणी उभ्या चढणीने वर गेलेले दिसतात. म्हणजे चढणं त्यांना जड जात नव्हतं आणि पिल्लं गुहेत वाढवली जात असावीत.

सांगाडा पुरा कसा झाला

ओवेनच्या हातात कवटीचे तुकडे आणि दात होते, हातपाय नव्हते. न्यू साउथ वेल्समधल्या मोरीजवळ १९६६ साली पहिला जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. त्यात एक पाऊल आणि शेपूट नव्हती. त्यानंतर २००२ साली नलारबोरच्या पठाराखाली गुहाशोधकांना अशा गुहा सापडल्या की ज्यांच्या तळाशी हाडं उघडीच पडलेली होती. त्यांत थायलाकोलिओचा जवळजवळ अखंड सांगाडाही होता.

या गुहा म्हणजे निसर्गाने केलेले सापळे. चुनखडीच्या छताला पाण्याने नळीसारखं भोक पडतं, वर झुडपं वाढतात, प्राणी चालता चालता आत कोसळतो आणि बाहेर येऊ शकत नाही. आत कोरडं, अंधार, गाळ वाहून आणणारं पाणी नाही. त्यामुळे हाडं जागच्या जागी राहतात. या गुहांमधून पृष्ठवंशी प्राण्यांच्या ६९ जाती नोंदल्या गेल्या, त्यांतल्या कांगारूंच्या आठ जाती विज्ञानाला नव्या होत्या. अशा साठ्याची एक खोट लक्षात ठेवावी लागते. सापळ्यात कोण जास्त पडतो ते त्याच्या संख्येवर नाही, सवयीवर अवलंबून असतं. मेलेल्याच्या वासाने खाली डोकावणारा मांसाहारी जास्त पडतो, जपून चालणारा कमी. म्हणून गुहेतल्या मोजणीवरून रानातली संख्या काढायची नसते.

शेपूट आणि गळपट्टीची हाडं मिळायला मात्र बराच वेळ लागला. नाराकूर्टची कोमात्सू केव्ह आणि नलारबोरची फ्लाइट स्टार केव्ह इथल्या हाडांवरून वेल्स आणि कॅमेन्स यांनी २०१८ साली पहिल्यांदा पूर्ण सांगाडा जुळवला. शेपूट ताठ आणि दणकट निघाली. मणक्यांच्या खालच्या बाजूला रक्तवाहिन्यांना संरक्षण देणारी हाडं आहेत, जशी शेपटीवर रेलणाऱ्या प्राण्यांत असतात. म्हणजे मागचे दोन पाय आणि शेपूट यांवर बसून तो हात मोकळे ठेवू शकत असावा. त्यांना एकूण ठेवण टास्मानियन डेव्हिलच्या जवळची वाटली, वाघाच्या नव्हे.

संपला कधी आणि का

ऑस्ट्रेलियातले बहुतेक महाकाय प्राणी साधारण ५० ते ४० हजार वर्षांपूर्वीच्या टप्प्यात गेले. २००१ साली खंडभरातल्या अनेक स्थळांवरून काढलेला अंदाज ४६ हजार वर्षांच्या आसपासचा होता. माणूस त्याआधी पोहोचलेला होता. कारण माणूस की हवामान, हा वाद जुना आहे, आणि तो मिटत नाही यामागे कालमापनाची एक साधी अडचण आहे.

किरणोत्सारी कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो. ५० हजार वर्षांनंतर मूळच्या पाव टक्क्याहूनही कमी उरतो. आता अशा हाडात फक्त १ टक्का आजचा कार्बन शिरला, मुळांतून, पाण्यातून किंवा चिकटवायला वापरलेल्या सरसातून, तर त्याचं वय ५० हजारांऐवजी ३६ हजार दिसतं. सगळा वाद ज्या चार-दहा हजार वर्षांचा, तेवढी तफावत एका अस्वच्छ नमुन्याने पडते. त्यात ज्या प्रथिनातला कार्बन मोजायचा, ते हाडातलं कोलॅजनच ऑस्ट्रेलियातल्या उष्णतेत सहसा टिकत नाही. म्हणून वाळूच्या कणांना शेवटचं ऊन कधी लागलं ते मोजणं किंवा गुहेतल्या क्षारांमधलं युरेनियम मोजणं, असे मार्ग घ्यावे लागतात. यात हाडाचं वय निघत नाही, हाडाभोवतीच्या थराचं निघतं, आणि हाड दुसरीकडून वाहत आलेलं नाही हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

शिकाऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट आहे. सावज गेलं की तो जातो. क्वीन्सलँडच्या लिंचेस क्रेटर या जुन्या विवरातल्या गाळात, जनावरांच्या शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वी एकदम घटलेले दिसतात. मोठे चरणारे कमी झाले याची ती खूण. त्यानंतर गाळात कोळशाचे कण वाढतात, कारण न चरलेलं गवत-झुडूप जळायला लागतं. डायप्रोटोडॉनसारखे टनावारी वजनाचे प्राणी आणि जाडजूड कांगारू यांच्यावर बेतलेल्या या दातांना नंतर कामच उरलं नाही. चघळायच्या दाढा तर कधीच्याच गेल्या होत्या, तेव्हा फळं-मुळांवर दिवस काढायची सोयही नव्हती.

माणसांनी त्याला पाहिलं असेल का? किम्बर्ली भागातल्या एका खडकचित्राचा फोटो २००८ साली घेतला गेला आणि पुढच्या वर्षी ते थायलाकोलिओचं चित्र असल्याचा दावा छापून आला. पुढचे दणकट पाय आणि जाड शेपूट ही त्यामागची कारणं. काही जण तेच चित्र पट्टेवाल्या थायलासीनचं मानतात. चित्रात अंगावर पट्टे आहेत, पण थायलाकोलिओला पट्टे नव्हते असं हाडांवरून म्हणता येत नाही, त्यामुळे पट्ट्यांचा मुद्दा दोन्हीकडे फारसा उपयोगाचा नाही.

ॲडलेड किंवा मेलबर्नला राहणाऱ्या मराठी वाचकांना हे सगळं प्रत्यक्ष पाहता येईल. दोन्ही शहरांच्या मधे नाराकूर्टच्या गुहा आहेत, रिव्हर्सलेबरोबर १९९४ पासून जागतिक वारसा. तिथल्या व्हिक्टोरिया फॉसिल केव्हमध्ये थायलाकोलिओचा सांगाडा उभा केलेला आहे. पाहताना तोंड शेवटी पाहा. आधी पुढच्या पायाच्या अंगठ्याची नखी, मग मागच्या पावलाचा फाकलेला अंगठा, आणि मग खालच्या जबड्यात सुळ्याची रिकामी जागा व तिच्यामागचं पातं. कुठल्याही संग्रहालयात २०१८ च्या आधी मांडलेला सांगाडा असेल, तर त्याच्या शेपटीवर फार भरवसा ठेवू नका. ती अंदाजाने बसवलेली असते.